सतरा तारीख

सहकारनगरच्या चौकात, ढकलगाडीचा दांडा एका हाताने धरून
मालन ओव्हाळांनी मला त्यांचा फोन दिला.
कव्हरला रबरबँड, काचेवर एक तिरका तडा.
"'दिले' दाबलं की बंद पडतंय बघा.
तेवीस बंगले झाले, एकाचीबी नोंद नाही."
सिम काढून त्यांनी पदराच्या गाठीत बांधलं.
"आणि कुलूप?" मी विचारलं.
"चौकोन काढा, एक बाजू सोडून.
घराला दार नको का?"

माझ्या लॅपटॉपमध्ये एक खोटा फोन राहतो.
त्याला तडा नाही, घाम नाही,
त्याचं नेटवर्क बिबवेवाडीच्या चढावर दमत नाही.
त्याच्यावर हे ॲप सहा आठवडे शहाण्यासारखं चाललं.
मी त्यालाच माणूस समजत होते.

रात्री साडेनऊ. केबल लावली.
फोन चार्ज होऊ लागला, लॅपटॉपला पत्ताच नाही.
काही केबली नुसतं जेवू घालतात,
बोलू देत नाहीत.
खालच्या मजल्यावरच्या गंध्यांकडून दुसरी आणली,
"उद्या परत" असं त्यांनी दोनदा बजावलं.

मग सेटिंग्ज. फोनबद्दल. बिल्ड नंबर.
त्यावर सात वेळा टकटक,
निजलेल्या घराचं दार वाजवावं तशी, जरा ओशाळून.
चौथ्या टकटकीला फोन म्हणाला, अजून तीन.
सातव्याला म्हणाला, तुम्ही आता डेव्हलपर आहात.
माझ्या पगारपत्रकावर अकरा वर्षं हेच लिहिलंय,
पण इतक्या खात्रीने कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं.

या संगणकाला परवानगी द्यायची?
द्यायची.
नेहमीच द्यायची?
ती चौकट मी रिकामी ठेवली. फोन माझा नाही.
फोटोंकडे गेले नाही. तरी वॉलपेपरवर दिसलीच
गणवेशातली एक मुलगी, दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली.
पडदा मालवू नये म्हणून 'जागे राहा' चालू केलं
तर तीही जागी राहिली.

'दिले' दाबलं. बंद.
पुन्हा दाबलं. बंद.
लॅपटॉपवर लाल ओळींचा ओघळ.
तो उलटा चढत चढत उगमाशी गेले
तेव्हा तिथे बसले होते दोनच आकडे, अगदी निरागस:
१७

मालनताईंचा फोन मराठीत आहे.
त्याने आजची तारीख मराठीत लिहिली, एवढाच गुन्हा.
आणि सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस
असं बाकावर उभं राहून म्हणून दाखवलेली मी,
माझ्या हातच्या ॲपला
१७ वाचता येईना.
खोटा फोन इंग्रजीत. माझा खराही इंग्रजीत.
आमच्या टीममध्ये चहा मराठीत, भांडणं मराठीत,
रजेची कारणंसुद्धा मराठीत,
फोन कुणाचाच नाही.

दुरुस्ती एका ओळीची निघाली.
चार मिनिटं लागली.
त्यानंतर बराच वेळ मी नुसतीच बसले होते.

पावणेपाचला फोन ओरडला.
गजराचं नाव: पाणी.
मी दचकून बंद केला, आणि मग लक्षात आलं,
अप्परच्या त्या गल्लीत आज
मालनताईंना कुणी उठवलं असेल?

निघण्याआधी परवानगी काढून घेतली,
डेव्हलपरचे पर्याय बंद केले,
पाहुण्याने अंथरुणाची घडी घालून ठेवावी तसे.

साडेसहाला चौकात गाठ सुटली, सिम आत गेलं.
अठरा तारीख. बंगला सातवा. सत्तर रुपये. दिले.
नोंद झाली.
मालनताई पडद्याकडे बघतच राहिल्या.
"झालं ना नीट?" मी म्हटलं.
"ते झालं वो. पण हे बघा की,
शंभर टक्के! घेतल्यापासून पयल्यांदाच."