आवर

एकचाकीला ब्रेक कशाला, असं सगळेच विचारतात.
थांबायला पाय आहेत की.
आहेत. पेडल आणि चाक यांच्यामध्ये
फुकट फिरणारं काही नसतं,
चाक फिरलं की पाय फिरतात,
पायांनी नाही म्हटलं की चाक ऐकतं.
सपाटीवर.

पण हेब्डन ब्रिजमध्ये सपाटी
फक्त कालव्याच्या कडेला, तीही बदकांनी अडवलेली.
बाकी सगळं गाव उभं.
बट्रेसचा उतार दगडी, नोव्हेंबरात शेवाळलेला,
आणि तो उतरताना दोन वर्षं
दर फेरीला चाकाशी भांडत आलेय
मांड्यांनी, गुडघ्यांनी.
उजवा गुडघा आता जिने मोजतो.

ग्रीनवुड म्हाताऱ्यानं काउंटरवर दोन डबे ठेवले.
एकात रबरी गुटके, रिमला दोन्हीकडून धरणारे.
दुसऱ्यात चकती.
"रिमचा स्वस्त. पण तुझं चाक वाकडंय, पोरी,"
(मी सत्तेचाळीस वर्षांची आहे)
"आणि चिखलात तो नुसता चिखल चोळत बसेल."
मी मोठी चकती मागितली.
नको, म्हणाला. दोन चाकांवर मोठी चालते,
पुढे फेकली गेलीस तर निदान हँडल असतं.
तुझ्यापुढे काय आहे?
लहान घे. उशिरा चावणारी.

रात्री ओट्यावर चाक आडवं, खाली जुना पेपर.
तेलाची नळी सायकलच्या मापाची, अघळपघळ लांब;
बैठकीच्या नाकापासून आसापर्यंत
मला हातभर पुरे. कापली.
एकच थेंब उडाला, तो नेमका
भिजत घातलेल्या साबुदाण्याच्या झाकणावर.
मग हवा काढायची. एक सिरिंज वर, एक खाली.
हॅलिफॅक्सच्या इस्पितळात मी दिवसभर
लोकांच्या शिरांतून रक्त काढते,
बुडबुडा कुठे दडतो ते मला कळतं.
इथे फक्त पेशंट नजर फिरवत नाही.

मूठ बैठकीखाली, उलटी,
एका बोटाला सापडेल अशी.
चकती आणि गुटका यांच्यात लायब्ररीचं कार्ड,
मुठीला रबरबँड, स्क्रू कसले, कार्ड ओढलं,
चाक फिरवलं.
खस्स.
एकाच जागी, दर फेरीला, खस्स.
केसभर डावीकडे. खस्स.
अर्धा केस उजवीकडे.
साडेअकराला खस्स गेलं
आणि बेअरिंगची नुसती कुजबुज उरली.

"आवर आता," वरून उपेंद्र ओरडला.

आवर.
शाळेची रिक्षा दारात यायची तेव्हा: आवर लवकर.
विमानाच्या दिवशी, टॅक्सी खाली उभी: आवर, आवर.
म्हणजे घाई कर.
आणि प्रार्थनेत हसू फुटलं
की बाई डोळे वटारून: आवर.
म्हणजे थांब.
दोन्ही टोकांना एकच शब्द बांधणारी भाषा
एका चाकावरच चालायला शिकली असावी.

रविवारी माथ्यावर बैठक मांड्यांत घेतली.
पहिल्यांदा कचकन दाबला.
पुढे खरोखरच काही नव्हतं.
तळहात सोलला, चष्मा वाचला.
दुसऱ्यांदा नुसता टेकवला
आणि टेकवलेलाच ठेवला,
उतार वाढला तसा किंचित आणखी.
पाय भांडायचे विसरले.
चढावर ढकलावं तसे ढकलत राहिले, खाली जाताना,
दगडामागून दगड,
जणू कुणी उताराखाली हात घालून
तो माझ्यापुरता सपाट करत होतं.
दहा-बारा घरं. मग पुन्हा पडले. मग पुन्हा.

खाली जुन्या पुलापाशी एक बाई
कुत्र्याला घेऊन उभी होती.
"याला ब्रेक कशाला?"
सांगणारच होते, गुडघ्यापासून सुरुवात करून,
तेवढ्यात पावसाचा थेंब चकतीवर पडला.
चर्र.
कुत्र्यानं कान टवकारले.