मुक्कामी

गेटवरच्या पोरानं वही पुढे सरकवली,
"मुक्काम किती?"
"एक रात्र," मी म्हटलं,
आणि तो शब्द जरा वेळ तोंडात राहिला, खडीसाखरेसारखा.
सिंहगड रोडला चौथ्या मजल्यावर
आम्ही नुसते राहतो, हप्ते भरत.
मुक्काम करून किती वर्षं झाली कोण जाणे.

पाटीवर लिहिलेलं: फक्त कुटुंबांसाठी.
दहानंतर गाणी बंद. चूल ठरलेल्या जागीच.
तंबू क्रमांक सात. भाटघरचं पाणी पन्नास पावलांवर,
संडास सत्तर.

जमीन मुरमाड. निरंजन मोबाइलमध्ये बघून
दगडानं खुंट्या ठोकत होता.
चौथी वाकली तेव्हा
शेजारच्या गाडीतून एक गृहस्थ उतरले, हातात मोठा पाना.
"तिरकी मारा सायेब. सरळ मारली की वाऱ्याबरं जाती."
सात खुंट्या, सात घाव. आठवी त्यांनी रेवाला मारू दिली.

सोपान खुटवड. भोर डेपो, चौतीस वर्षं, ड्रायव्हर.
पेन्शनीत बसत नव्हती तरी घेतली ही जुनी मिनीबस,
सीटा काढल्या, पलंग टाकला,
गॅस, पिंप, खिडक्यांना पडदे:
बाईंच्या जुन्या नऊवारीचे, काठ तसेच ठेवून.
पाट्यांच्या जागी पाटी नाही.
रेवानं विचारलं, ही कुठं जाते?
ते म्हणाले, "हिला इचार,"
आणि शालनबाई पदरात हसल्या.

रात्री कळलं, कापडाला भिंत म्हणत नाहीत.
नऊ नंबरात बाळ कुरकुरत होतं,
पाच नंबरात कुणीतरी चेन उघडत होतं, लावत होतं, उघडत होतं.
हवेची गादी हळूहळू आम्हाला जमिनीवर ठेवत गेली.
गृहकर्जाचं भांडण आम्ही अर्ध्यावर थांबवलं,
लोक ऐकतील म्हणून,
मग पुन्हा सुरू करायचं राहूनच गेलं.

आणि मिनीबसच्या टपावरून आवाज:
"असंच निजायचात?"
"उन्हाळ्यात असंच. थंडीत आत, मागच्या लांब बाकड्यावर."
"आन कंडक्टर?"
"पुढं. पैशाची पिशवी उशाला."
"जेवण?"
"डबा. कधी गावातलं कुणी कालवण आणून द्यायचं."
मग बराच वेळ काही नाही.
पाण्यापलीकडे एक कुत्रं.
"मला वाटायचं," बाई म्हणाल्या,
"जिथं असाल तिथं दिवे असतील."

आणखी थोड्या वेळानं, अगदी साध्या आवाजात,
उद्या दळण टाकायचंय म्हणावं तसं:
"तुमच्या बाजूची गादी मी दुमडून ठेवायची.
सरळ ठेवली की पाय तिकडं जायचे."

निरंजन जागा होता. मी जागी होते.
दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही.

पहाटे पाच चाळीसला
मिनीबसचं इंजिन सुरू झालं.
अख्खा तळ उठला: पोरं रडली,
पाच नंबरमधून शिवी आली,
गेटवरचा पोरगा कानटोपी सावरत धावला.
"काका, नियम आहे!"
खुटवड स्टिअरिंगवर बसलेले, ओशाळून,
"सवय हो. पहिली गाडी."
पण किल्ली फिरवायला हात जाईना.

तेवढ्यात आतून
शालनबाईंनी चहाच्या पातेल्यावर चमचा वाजवला
दोनदा.

त्यांनी मागं वळून पाहिलं,
चौतीस वर्षांत डबल बेलला पहिल्यांदा
गाडी हलली नाही.
इंजिन बंद केलं. उतरून कप घ्यायला गेले.

अकराला जागा सोडायची होती.
आम्ही खुंट्या मोजून पिशवीत भरल्या, सात.
आठवी निघेना.
रेवा म्हणाली, असू दे,
ती आपली जागा आहे.