फट

रविवार. स्किप्टन. गॅरेजचं शटर गुडघ्याइतकं वर,
खालून आत येतो फेब्रुवारी, आणि शेजारचं मांजर.
मोटारसायकल मधल्या स्टँडवर,
दोन सिलिंडर दोन बाजूंना,
कोपरं काढून बसलेल्या आत्यासारखी.
वाट द्यायची नाही म्हणजे नाही.

रात्रभर थंड होऊ दिलंय तिला.
गरम इंजिनाचं माप खोटं,
तापात बरळणाऱ्याच्या साक्षीसारखं.

झाकण उतरलं. ट्रेमध्ये काळ्या तेलाची संथ धार.
आत झडपा:
एकसष्ट हजार मैल उघडझाप,
डोळ्याला डोळा नाही.

पुस्तिकेच्या समासात क्लिफर्ड थ्वेटचं अक्षर,
शिसपेन्सिलीचं, उताराला लागलेलं:
'डावी एक्झॉस्ट हट्टी. घाई नको.'
'ओबानहून परत. तीन दिवस पाऊस. बी. खूश.'
बी. म्हणजे ब्रेंडा.
तिनंच मला गाडी विकली,
आणि किल्ली देताना मूठ उघडायला वेळ लावला.

मी पात्यांचा जुडगा उलगडते.
हा आबांचा, इचलकरंजीहून आणलेला.
आबा मागांवर जॉबर होते.
चाळीस मागांच्या खडखडाटात
एकाच मागाचं दुखणं त्यांना ऐकू यायचं,
घरी आईची हाक तेवढी यायची नाही.

पातं झडपेच्या टोकाशी सरकवायचं.
सैल जाऊ नये. अडकूही नये.
'लोण्यातून सुरी नव्हे गं,
वहीतून टिपकागद ओढावा तसं.'
उजवीकडे दोन्ही तशाच. टिपकागद.
डावी इनटेक, टिपकागद.
डावी एक्झॉस्ट:
तीस शतांशाचं पातं आत जाईना.
वीसचं नाही.
पंधराचंसुद्धा नाही.

म्हणजे ही गप्प झालेली.
टिकटिकणाऱ्या झडपेचं फारसं काही बिघडलेलं नसतं,
सैल असते, इतकंच.
आवाज बंद होतो ती पुरती मिटत नाही,
आणि आतल्या आत जळत राहते.

शटरखालून आधी दोन मग आले,
मग ब्रेंडा, गुडघ्यावर हात देत.
जुनी सीट बाकावर होती.
माझे पाय टेकत नाहीत, म्हणून नवी बसकी मागवली.
हँडल दोन बोटं अलीकडे घेतलं. आरसेही.
गेला महिनाभर मी पान्यानं
एका माणसाची उंची काढून टाकत होते
आणि माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

सीटला खळगा होता. तिनं त्यात तळवा ठेवला,
भाकरी निवली का बघावं तसा.
बराच वेळ.
मग खोक्याकडे बोट: 'त्यात काय आहे?'
'गरम मुठी. हँडलला बसवायच्या. हात गारठत नाहीत.'

'त्यालाही हव्या होत्या,' ती म्हणाली.
'मीच वीस वर्षं नको म्हटलं.
हात गारठले की तो थांबायचा.
थांबला की बोलायचा.
एरवी घरी नुसतं हो, नाही, मीठ दे.'

मी लॉकनट सैल केला.
स्क्रू पाव फेरा मागे. पुन्हा केसभर.
ती सांगत होती, कुठल्याशा खिंडीतली टपरी,
त्याचं नाक लाल, हातात मग,
आणि लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर पहिल्यांदा
आपल्या मेलेल्या भावाबद्दल बोललेला तो.
पातं आत गेलं. टिपकागद.
नट आवळला, पुन्हा मोजलं,
आवळताना माप हलतं, हे आबांचं.

इंजिन सुरू झालं तेव्हा डावीकडून
बारीक टिकटिक. ब्रेंडा म्हणाली, 'हं, हीच.'
समासात त्याच्या ओळीखाली मी मराठीत लिहिलं:
हट्टी. खरंय.

मुठींचा खोका अजून फोडलेला नाही.
वायर तेवढी टाकीखालून ओढून ठेवलीय,
टोकाला टेप.
चहात दोन चमचे साखर होती.
मी साखर घेत नाही.
प्यायले.