चार वाजताचे अठरा मायक्रॉन

सकाळी ठीक.
अकरा वाजता ठीक. जेवून आलो तरी ठीक.
चार वाजले, रस्त्यावर पदेराचा भोंगा वाजला,
पों पों,
की शाफ्ट अठरा मायक्रॉननं जाड.

अठरा मायक्रॉन म्हणजे काय गं, आईनं विचारलं होतं.
तुझा एक केस उभा चिरून
चार फाका केल्या ना, त्यातली एक.
ती म्हणाली, एवढ्यासाठी पगार देतात?

कुंडईच्या वसाहतीत आमची शेड सगळ्यात शेवटची.
पंपाचे शाफ्ट. व्यास चाळीस,
वर शून्य, खाली सोळा मायक्रॉनची मुभा.
अलार्म वाजला असता तर सोपं होतं.
दाराच्या स्विचमध्ये किस अडकला की दिवा लागतो,
वंगण संपलं की लागतो,
विजेनं डुलकी घेतली की तर सगळेच लागतात.
ही तक्रार मात्र बिनबोभाट.
मशीन हिरवं, शांत, आणि चूक.

सोमवारी इन्सर्ट बदलला. नवी धार, जुनं दुखणं.
मग चकचा दाब.
यतीशला कूलंटचा संशय,
सुट्टीनंतर त्याला शिळ्या ताकाचा वास येतो म्हणून.
मोजलं. कूलंट निर्दोष, वास खरा.
टरेटला डायल लावून ढकलून पाहिलं,
काटा हलला, परत आला, काही बोलला नाही.
शुक्रवारी कुणीतरी पॅनेलला लिंबू-मिरची बांधली.
नागवेंकर साहेबांनी ती पाहिली
आणि काढली नाही.

मी काय करत होते?
भोंगा वाजला की ऑफसेटमध्ये
वजा पॉइंट शून्य अठरा.
साडेसहाला ते काढून टाकायचे.
पुढं पुढं हात आपोआप जायला लागला,
डास बसल्यावर जातो तसा.
दुरुस्ती नव्हे ती.
पाय लंगडतो म्हणून रस्ताच तिरका करणं.

मग शिरोड्याहून कायतान आला.
आयुष्यभर बार्जची इंजिनं उघडलेला माणूस,
त्यानं पेटीच उघडली नाही.
स्टूल मागितलं. तीन वाजल्यापासून बसून राहिला,
चहात उंडो बुडवत.
पावणेचारला शटरखालून उन्हाची पट्टी आत आली,
फरशीवरून सरकली, टाकीवर चढली,
हेडस्टॉकवर जाऊन बसली.
तो उठला, पत्र्यावर तळवा ठेवला.
‘आयक गो,’ म्हणाला, ‘हांगा हात लाय.’

तापलेल्या पोराच्या कपाळासारखा.
आणि पलीकडची बाजू गार.

आधी येत होतं हे ऊन?
नव्हतं येत.
मी बाहेर पाहिलं. तिथं माट्टीचं झाड होतं.
चवथीनंतर कापलं,
कंटेनरला वळायला जागा हवी होती म्हणून.
त्या दिवशी फाटकापाशी उभी राहून
मीच हात दाखवत होते:
येऊ दे, येऊ दे, अजून मागे.

मॅन्युअलची चारशे बारा पानं चाळली होती आम्ही.
माट्टीचं त्यात एकही नव्हतं.

कायताननं भावाच्या ट्रॉलरवरची ताडपत्री पाठवून दिली,
निळी, बांगड्याच्या वासाची.
शटरबाहेर टांगली.
रजिस्टरात कारणाचे रकाने चार:
मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्रोग्राम, ऑपरेटर.
मी पाचवा आखला, ‘झाड’ लिहिलं.
साहेबांनी ते खोडून मेकॅनिकलवर खूण केली.

दुसऱ्या दिवशी चार वाजले.
भोंगा वाजला. ताडपत्री फडफडली. पत्रा गार.
आणि माझा हात गेला.
वजा पॉइंट शून्य अठरा.

जाड शाफ्ट पुन्हा घासता येतो.
बारीक झालेल्याला काही लावता येत नाही.
लाल रंग फासून तो मी टेबलावर ठेवलाय,
ड्रॉइंगं उडू नयेत म्हणून.
हल्ली त्या बाजूनं वारा फार येतो.