रजिस्टर, मागच्या बाजूनं

सत्तर पानांचा एक पुडा.
मे महिन्यात आमच्या तेंदूफडावर सगळं मोजतात,
पुडे, रांगा, कोण उशिरा आली,
कोणाचं पोर सावलीत झोपलंय.
मी फडाची मुन्शी. पुढून मोजते.
मागून, उलटं धरून, त्याच रजिस्टरात
एक देश लिहिते.

त्या देशात माणसं धर्म बदलत नाहीत.
देव बदलतात.
धान निघालं की त्यांचे जथे येतात,
डोक्यावर गाठोडी, पायात कुणाच्या तरी जुन्या चपला,
आणि दारोदार विचारतात, यंदा इथे राहू का?
लोक आधी काम विचारतात.
बांध घालता येतो? गाय अडली तर?
सोळा हातांचा एकजण रोवणीला फार कामी आला.
एकाला नुसतंच रागावता यायचं,
त्याला बोडीवर बगळे हाकायला ठेवलं.

टेकचंद पटले पावत्या न्यायला यायचा.
वाचून म्हणाला, "अन् तुमच्या घरी कोन आला?"
कोणी नाही, म्हटलं. मेश्रामांचं दार उघडंच होतं.
एक आला, जेवला, ताट धुऊन गेला.
टेकचंदच्या देव्हाऱ्यात
काडीपेटी ठेवायला जागा नाही.
तो हसला नाही.

प्रेमाचं प्रकरण तीनदा खोडलं.
राजकन्या नको, शाप नको.
शेवटी असं ठरवलं:
ज्याच्यावर जीव जडेल त्याला आपला एक शब्द द्यायचा.
दिला की आपल्या तोंडून तो कायमचा गेला.
म्हणून तिथली म्हातारी जोडपी
एकेक वाक्य दोघं मिळून बोलतात,
आणि एक मेलं की दुसऱ्याला
मीठ मागता येत नाही,
बोट दाखवावं लागतं.

"मंग घेनाऱ्याची जात कोन पाह्यते?" टेकचंदनं विचारलं.
मी पुढचा पुडा मोजायला घेतला.
एकोणसत्तर भरला.

फड उठला. रजिस्टर जमा करायचं होतं.
मागची पानं फाडली, दाभणानं शिवली,
त्याला दिली.
बोडीच्या पाळीवर बसून तो मोठ्यानं वाचू लागला.
पलीकडे सारसांची जोडी चरत होती;
ती मी गोष्टीत घेतलेली नाही,
खरी वाटली नसती.

सगळं नीट वाचलं त्यानं,
सोळा हात, बगळे, मीठ.
फक्त जिथे जिथे 'पाणी' आलं
तिथे थांबला,
मान वर करून माझ्याकडे बघत,
मी म्हणेपर्यंत.