हाती

पादांगच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
यंत्र बिघडलं होतं, म्हणून मला बोलावलेलं.
हृदयाचा आवाज येई, चित्र येत नसे.
वायर बदलली. मग खात्री करायला
रांगेतला पहिला म्हातारा नर्सने आत घेतला:
शफ्रिझाल, वय एकाहत्तर,
बुकितिंगीच्या घाटात तीस वर्षं बस चालवलेला.

पडद्यावर करडं काहीतरी उघडझाप करू लागलं.
झडपा.
कडी मोडलेलं दार वाऱ्यावर
आपटत राहावं, तशा.
शुभेच्छापत्रावरचा तो लाल, टोकदार बदाम
तिथे कुठेच नव्हता.
अठरा वर्षं ही यंत्रं दुरुस्त करतोय,
एकदाही दिसलेला नाही.

बायको दाराशी. युस्मानियार. हातात डबा.
नर्स म्हणाली, यांचं जंतुंग थकलंय.
"जंतुंग होय!" ती म्हणाली, "मला वाटलं, हाती."
आणि सुटल्यासारखी हसली.

मला ते कळायला दुपार लागली.
समोरच्या खाणावळीत तिनेच बसवलं मला
आणि बोट दाखवून शिकवलं, जसं पोराला.
ही नारळाच्या दुधातली आमटी, केळफुलाची:
जंतुंग. केळीचं हृदय.
खरंच, जांभळं, मिटलेलं, खाली डोकं करून लटकणारं.
आणि ही दुसरी वाटी, मसाल्यात काळपट झालेली:
हाती. यकृत.

"जंतुंग डॉक्टरांचं," ती म्हणाली.
"पळतं, दमतं, एक दिवस बंद पडतं.
पण माणूस रुसतो तो हातीत.
जीव जडतो तो हातीत. मोडतोही तिथेच.
त्याला कुठलं यंत्र लावणार तुम्ही?"

मग छाती का धडधडते, मी विचारलं
माझ्या मोडक्यातोडक्या शब्दांत.

"शेजारी राहतं ना ते.
शेजारच्या घरात भांडण झालं
की आपल्या फळीवरची भांडी वाजतात."

मी गप्प जेवलो.
एवढंच असेल का कारण?
की सगळ्या आतड्या-पिंडांत
हा एकटाच आवाज करतो.
भ्यालो तर कळतं, कुणी जिन्यात दिसलं तर कळतं,
रात्री कुशीवर वळलो तर उशीतून ऐकू येतो.
यकृत बिचारं जन्मभर राबतं, चकार शब्द न काढता.
जो बोंबलतो त्याच्या नावावर
प्रेम लावून मोकळे झालो आपण.

तिला सांगितलं नाही, पण माझ्याही गावी
खाटकाच्या दुकानात पावशेर मागतात ते काळीज,
आणि आईचं तुटतं तेही काळीज.
वजनकाट्यावर एक, पदराआड एक,
शब्द तोच.
इतकी वर्षं मला वाटायचं, आम्हीच घोळ घातलाय.

"यांनी मला कधी काही म्हटलं नाही,"
हाडूक बाजूला सारत ती म्हणाली,
"पण पहाटे बस काढताना मी दोनदा म्हणायची, हाती-हाती.
आणि खालच्या वळणावरून
हेही दोनदा हॉर्न वाजवायचे.
शेजारीण शिव्या द्यायची."

हाती-हाती. म्हणजे जपून.
घाटातल्या प्रत्येक वळणावर पिवळ्या पाटीवर लिहिलंय,
येताना पाहिलं होतं,
दरडीची सूचना म्हणून सोडून दिलं होतं.
काळीज, काळीज.
आम्ही त्यालाच पुढे एक ईकार लावतो
आणि फोन ठेवताना म्हणतो, काळजी घे.
लेक म्हणते, हो बाबा,
आणि माझ्या आधी फोन ठेवते.

संध्याकाळी तो पलंगावरून उतरला.
शर्टाची बटणं एक घर चुकून लागलेली.
तिने सगळी काढली, पुन्हा लावली, वरपासून,
आणि शेवटच्या बटणावर हात उगाच थोडा जास्त ठेवला,
डावीकडे नाही,
उजवीकडे, बरगडीच्या खाली.

मी कागदावर लिहिलं:
चित्र स्पष्ट. वायर नवी.
आवाज जरा मोठा येतो.
तसाच ठेवला आहे.