डाव्या कोपऱ्यातलं धुकं

एकतीस वर्षं मी पैसे मोजले
आणि त्यातला एकही माझा नव्हता.
वॉशिंग्टनच्या त्या छापखान्यात
बत्तीस-बत्तीस नोटांचे ताव
माझ्या बोटांखालून जायचे
आणि मी खोट काढायची:
इथे शाई फुटली, इथे आकडा कलला,
इथे कुणा थोरामोठ्याचा एक डोळाच मिटला.
सुटीची घंटा झाली की पर्स उघडून दाखवायची,
कोटाचे खिसे उलटे करायचे.
डब्यात उरलेला मक्याचा पावसुद्धा
पहारेकरी वाकून बघायचा.
शेजारीण म्हणायची, व्हर्नेटा, तुझं बरंय बाई,
पैशात लोळतेस.
लोळत होतेच.
आणि महिनाअखेर घरभाड्यासाठी
बहिणीपुढे हात.

म्हणूनही असेल,
निवृत्त झाल्यावर ही कार्डं जमवायला लागले.
तशीच कोरलेली पोलादी पाटी, तशीच शाई,
तसाच कागदाला आत ओढणारा दाब.
फक्त नोटेच्या कागदाऐवजी जाड पुठ्ठा,
मागची बाजू कोरी,
आणि खाली बारीक अक्षरात
अमक्या गावच्या प्रदर्शनाची आठवण.
हिच्यावर कुणी चिमूटभर मीठ देणार नाही.
पण ही घरी नेता येते.
खिसे न उलटता.

अंगठा फिरवला की रेघा लागतात,
मांजराच्या जिभेसारख्या खरखरीत.
गव्हाची पेंढी घेऊन एक बाई बसलीय, मागे आगबोट;
तिच्या नुसत्या दंडावर
तीनशे बारा रेघा आहेत.
मोजल्यात. सवय.

यंदा मेम्फिसच्या मेळाव्यात
एका पोराच्या टेबलावर, बुटांच्या खोक्यात,
ती बाई पुन्हा सापडली.
मी कार्ड उजेडाकडे तिरकं धरलं
आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात
तिच्या पावलांपाशी
पुसटसं धुकं.

अँब्रोज.

प्रदर्शनात लोकांसमोर
तो चाकाचा हातछापा ओढायचा,
आधी पाटीवर शाई, मग फडकं,
मग खडूची पूड लावलेला उघडा तळहात.
म्हणायचा, फडक्याला पुसता येतं,
थांबता येत नाही.
त्याची उजवी करंगळी एका पेराने आखूड होती,
यंत्राने घेतलेली, सत्तर की एकाहत्तर साली.
म्हणून पाटीच्या उजव्या कडेला
जरा शाई राहायचीच;
छापल्यावर ती डावीकडे यायची.
मी त्याला सांगायची,
माझ्या टेबलावर आलं असतं तर बाद केलं असतं.
तो म्हणायचा,
तुझ्या टेबलावर यायला
त्याची किंमत तरी हवी.

पोरगा म्हणाला, त्याला डाग आहे, आजी,
वीसचं आहे, सहाला देतो.
मी म्हटलं, वीसच घे.
त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही.
त्याने बोटं दाखवली, सहा.
मी विसाची नोट ठेवली
आणि त्याच्या पाचही बोटांकडे बघत राहिले,
सगळी पूर्ण, लांब, स्वच्छ.
बिचारा उरलेले चौदा घेऊन
दोन टेबलं माझ्यामागे आला.

अँब्रोजच्या दफनाला मी गेले नव्हते.
त्या आठवड्यात जादा पाळी होती,
आणि जादा पाळीचे दीडपट मिळायचे.

बसस्थानकावर कॉफीच्या यंत्राने
माझी डॉलरची नोट दोनदा बाहेर ढकलली.
तिसऱ्यांदा मी ती मांडीवर सरळ केली,
दिव्याकडे धरून कडेकडेने तपासली.
खोट काहीच नव्हती.
पर्समध्ये, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये,
ते कार्ड होतं.
बस यायला चाळीस मिनिटं होती.